तंबोरा शाबूत ठेवून पेटी मागे नेणारा स्टुडिओ

गेल्या गुरुपौर्णिमेला कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एका जुन्या वाड्याच्या सोप्यात आमच्या गुरू, ज्यांना आम्ही सगळे शिष्य नुसते 'बाई' म्हणतो, एक तास बावन्न मिनिटे गायल्या. त्या बैठकीच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी माझ्याकडे होती आणि ती मी वाईट रीतीने पार पाडली, हे आधीच कबूल केलेले बरे. कारण पुढे ज्या स्टुडिओच्या कामाचे परीक्षण करायचे आहे, त्याच्यापुढे आलेला दोष यंत्राचा नव्हता, माझा होता. दोन मायक्रोफोन असलेला, हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर मी तिवईवर लावला खरा, परंतु बाईंच्या समोर पहिल्या ओळीत ज्येष्ठ मंडळी बसणार म्हणून तिवई मधोमध न ठेवता उजव्या हाताच्या खांबाशी सरकवली. त्या खांबापासून पेटीवादक चार फुटांवर बसले होते, बाई आठ फुटांवर आणि तबला त्यांच्याही पलीकडे. मागे मिरजेहून आणलेले दोन तंबोरे होते आणि कोपऱ्यात घरमालकांचा इन्व्हर्टर होता, ज्याच्याकडे त्या संध्याकाळी कोणाचेच लक्ष गेले नाही.

परिणाम ऐकण्याआधीच ठरलेला होता. ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे गळा आणि पेटी मुळात सारख्या जोराच्या धरल्या तरी नुसत्या अंतरामुळे पेटीला सहा डेसिबलची बढती मिळाली होती. शिवाय पेटीचा सूर श्वास घ्यायला थांबत नाही, त्यामुळे गळ्याच्या प्रत्येक विश्रांतीत तीच उरते. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, भूप रागात बाई मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरल्या की मुद्रणात ऐकू येत होती ती त्यांच्या मागोमाग चालणारी पेटी, बाई नव्हेत. उजव्या कानात पेटी, डाव्या कानात दूरचा तबला, गळा मध्यापासून डावीकडे कललेला आणि या सगळ्यांखाली एक अखंड घरघर, असे ते चित्र होते.

स्टुडिओत प्रत्येक वाद्यापुढे स्वतंत्र मायक्रोफोन असतो आणि नंतर हवे ते वाद्य कमी-जास्त करता येते. दोन मायक्रोफोनांच्या मुद्रणात ती सोय नाही. दोन्ही ट्रॅकवर सगळेच आहे, फक्त वेगवेगळ्या प्रमाणात. त्यातून पेटी तेवढी कमी करा म्हणणे हे उकळलेल्या आमटीतले मीठ परत मागण्यासारखे आहे. तरीही मी घरी प्रयत्न केला. संगणकावर उजवी बाजू चार डेसिबलने खाली आणली, तेव्हा पेटी कमी झाली, पण गळा आणखी डावीकडे गेला आणि तबला एकदम अंगावर आला. मग उजवीकडचे वरचे स्वर कापले, तर पेटी गोधडीखाली झाकल्यासारखी वाटू लागली आणि बाईंच्या गळ्यातली धार, जिच्यासाठी आम्ही वर्षानुवर्षे त्यांच्यापुढे बसतो, तीही त्याबरोबर गेली. तेव्हा हा माझ्या हातचा विषय नाही हे लक्षात आले.

दुसरा प्रयत्न एका परदेशी स्वयंचलित सेवेचा होता, जिचे नाव येथे देण्याची गरज नाही. फाइल चढवायची, पैसे भरायचे आणि काही मिनिटांत 'स्वच्छ' आवृत्ती उतरवून घ्यायची, असा तो व्यवहार होता. उतरवलेली आवृत्ती खरोखरच स्वच्छ होती, इतकी की तीत तंबोरेच नव्हते. अशी यंत्रणा सतत आणि एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असे धरून चालते. पंख्याला ते लागू पडते, वातानुकूलन यंत्राला लागू पडते आणि दुर्दैवाने तंबोऱ्यालाही लागू पडते. दोन ओळींच्या मध्ये जिथे तंबोऱ्याची आस भरून राहायला हवी तिथे काळी शांतता होती, आणि गळा सुरू झाला की त्याच्याबरोबर तंबोऱ्याचे तुकडे पाण्यातून वर आल्यासारखे उमटत होते. बाईंना मी ती आवृत्ती ऐकवली नाही.

त्यानंतर एका तबलावादक मित्राने राजारामपुरीतील या स्टुडिओचे नाव सांगितले. ते मी येथे लिहीत नाही, याचे कारण मालकांनीच तशी विनंती केली आहे. पिता-पुत्र दोघेच काम करतात, महिन्याला मोजकीच कामे घेतात आणि राजारामपुरीतील गाण्याबजावण्याच्या कोणाही माणसाला विचारले तर पत्ता मिळतो. वडिलांनी आयुष्यभर नाटकांची आणि मैफलींची ध्वनिव्यवस्था सांभाळली, मुलगा संगणकाचे काम पाहतो. लग्नाच्या चित्रफितींचे आवाज, जाहिराती, घरोघरी पडून असलेल्या बैठकींच्या कॅसेट, असे सगळे ते करतात. या शेवटच्या प्रकाराला आमच्या गावात तोटा नाही. गायन समाज देवल क्लब या संगीतसंस्थेची स्थापना १८८३ ची, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या काळात इथेच दरबार गायक होते. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका निघाली नाही याची हळहळ ज्या गावात आजही ऐकू येते, त्या गावात पुढच्या पिढ्यांनी मिळेल त्या यंत्रावर मिळेल ते मुद्रित करून ठेवले असेल तर नवल नाही. मुद्रित केलेले ऐकण्याजोगे असतेच असे मात्र नाही.

पहिल्या भेटीत मी फाइल पेन ड्राइव्हवर नेली होती. ती मी आधी मित्रमंडळींना पाठवण्यासाठी लहान केलेली एमपी-थ्री होती. मालकांनी अर्धा मिनिट ऐकून ती थांबवली आणि मूळ फाइल घेऊन परत यायला सांगितले. त्यांचे म्हणणे असे की एमपी-थ्री करताना मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज यंत्र टाकून देते. आपल्याला नेमका मोठा आवाज खाली आणून त्याखालचे वर काढायचे आहे, तेव्हा टाकून दिलेले कोठून आणणार? हे तर्काला धरून होते, तरी राजारामपुरीत गाडी लावायला जागा शोधण्यात आधीच वीस मिनिटे गेली असल्यामुळे मला राग आला, हेही नमूद करतो. मूळ मुद्रण ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटचे होते. पावणेदोन तासांहून अधिक काळाची ती वेव्ह फाइल जवळजवळ दोन गिगाबाइटची भरते. सुदैवाने ती रेकॉर्डरच्या कार्डावर शाबूत होती.

दुसऱ्या भेटीत त्यांनी जो पहिला प्रश्न विचारला, त्यानेच माझे मत अर्धे बनले. कोणते यंत्र, किती मायक्रोफोन, हे त्यांनी नंतर विचारले. पहिला प्रश्न होता, "बाई कोणत्या पट्टीत गातात?"

मी म्हणालो, काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून. त्यांनी मुलाकडे पाहिले आणि म्हणाले, "मग घरघर काढताना जपून, खर्ज जाईल."

याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते आणि इन्व्हर्टरमधील ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झला गुणगुणतो. त्याच्या पटीत २००, ३०० असे त्याचे वरचे घटकही असतात. काळी चारचा षड्ज सुमारे २०८ हर्ट्झ. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा तिथेच लागतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, १०४ हर्ट्झला. म्हणजे घरघर १०० वर आणि खर्ज १०४ वर, घरघरीचा दुसरा घटक २०० वर आणि षड्ज २०८ वर. घरघर काढण्यासाठी सर्रास वापरली जाणारी रुंद चाळणी, म्हणजे ठरावीक कंपने गाळणारा फिल्टर, लावली तर ती घरघरीबरोबर तंबोऱ्याचा पायाच उचलून नेते. बाई काळी पाचमध्ये गात असत्या तर हा प्रश्न एवढा नाजूक राहिला नसता. मुलाने त्यासाठी अतिशय अरुंद चाळण्या लावल्या, त्याही घरघर पूर्ण नाहीशी होईपर्यंत नव्हे तर तंबोऱ्याखाली झाकली जाईपर्यंत. बैठक सुरू होण्याआधी तारा जुळवायला सुरुवात होण्यापूर्वीचे अकरा सेकंद मुद्रणात होते, त्यात घरघर एकटी ऐकू येत होती. तिचा नमुना तिथून घेतला. तंबोरे सुरू झाल्यानंतरचा नमुना घेतला असता तर परदेशी सेवेने केले तेच इथेही झाले असते. ध्वनिमुद्रण करणाऱ्या कोणालाही माझे सांगणे आहे की वाद्ये जुळवण्याआधी रेकॉर्डर सुरू करून रिकाम्या खोलीचा आवाज थोडा वेळ घेऊन ठेवावा. मी तो घेतला होता तो केवळ बटण चुकून आधी दाबले गेल्यामुळे.

यानंतरचे काम तोलाचे होते आणि ते मी शेजारी बसून पाहिले. तशी परवानगी त्यांनी पहिल्या तीन तासांपुरती दिली. आधी त्यांनी संपूर्ण चित्र फिरवले, म्हणजे डाव्या-उजव्याच्या प्रमाणात आणि वेळेत अशी जुळवणी केली की बाईंचा गळा मधोमध यावा. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात, त्यामुळे बाजूला ठेवलेल्या दोन मायक्रोफोनांपैकी एकाकडे गळा किंचित आधी पोहोचतो. माझ्या रेकॉर्डरचे दोन्ही मायक्रोफोन जवळजवळ एकाच ठिकाणी असल्यामुळे हा फरक नगण्य होता आणि काम मुख्यतः प्रमाणावर भागले. दोन मायक्रोफोन दूरदूर ठेवले असते तर हे इतके सरळ झाले नसते, असे मुलगा म्हणाला.

गळा मध्यावर आल्यानंतर त्यांनी डावे आणि उजवे सोडून मध्य आणि बाजू अशी विभागणी घेतली. ही युक्ती जुनी आहे. अ‍ॅलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला तेव्हापासून बेरीज-वजाबाकीचे हे तत्त्व ठाऊक आहे. डावे आणि उजवे यांची बेरीज केली की दोन्हींकडे समान असलेले, म्हणजे मधले, ठळक होते. वजाबाकी केली की मधले पुसले जाऊन फक्त बाजूचे उरते. आमच्या मुद्रणात वजाबाकी ऐकली तेव्हा बाई जवळजवळ नाहीशा झाल्या आणि पेटी, तबल्याची चाट (त्याच्या कडेवरचा आघात), खोलीचा घुमार व कोणाचा तरी खोकला एवढेच राहिले. मी चार महिने ज्या मुद्रणाशी झगडत होतो त्याचे आतले अंग असे उघडे पडलेले पाहून मला थोडी लाज वाटली. आता पेटीला हात लावला तर गळ्याला धक्का लागण्याचे भय बरेच कमी झाले होते. पूर्ण नाही, हे मालकांनी दोनदा सांगितले. कारण पेटीचा काही भाग भिंतीवरून परतून मध्यातही आला होता, आणि तो तिथून निघणार नव्हता.

बाजूच्या भागात त्यांनी साधारण एक ते तीन किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे पेटीच्या स्वरपट्ट्यांची किनार बोचते, फक्त पेटी वरचढ होईल तेव्हाच दाबणारी व्यवस्था केली. कायमचे कापले असते तर माझ्या घरच्या प्रयत्नासारखी गोधडी झाली असती. जास्तीत जास्त दाब साडेतीन डेसिबलचा होता. आकडा लहान वाटतो. ऐकताना मात्र पेटीवादक बसल्या जागेवरून हातभर मागे सरकल्यासारखे वाटतात, आणि आम्हाला हवे होते तेही तेवढेच. त्यांना बैठकीतून उठवायचे नव्हते. ते बाईंची साथ गेली वीस वर्षे करत आहेत आणि दोन जागा त्यांनी त्या दिवशी अशा भरल्या की बाईंनी मान डोलावली. त्या जागा जशाच्या तशा ठेवायला मी सांगितले आणि मुलाने तेवढ्यापुरता दाब काढून टाकला.

मंद्रातला गळा वर आणण्याचे काम मला सर्वांत मोलाचे वाटले, आणि ते यंत्राने नव्हे तर हाताने झाले. मोठा आवाज आपोआप दाबून लहान उचलणारा कंप्रेसर लावणे सोपे होते. त्यांनी तो मला एकदा लावून ऐकवला: तबल्या-डग्ग्यावर 'धा' पडला की सगळा आवाज दबायचा आणि दोन मात्रांच्या मधल्या जागेत तंबोरा फुगून वर यायचा. विलंबित एकतालात तर हे इतके स्पष्ट होते की तंबोरा ठेक्याच्या तालावर श्वास घेतो आहे असे वाटावे. म्हणून मालकांनी कंप्रेसर बंद केला, डोळे मिटले आणि माउस हातात घेऊन आवाजाच्या जोराची पट्टी वरखाली करत संपूर्ण बडा ख्याल एकदा ऐकला. जिथे बाई मंद्र धैवताकडे निघाल्या तिथे ते अर्धी ओळ आधीच दीड-दोन डेसिबल वर गेलेले असत, आणि तानेला त्या निघण्याच्या आत परत खाली. पुढे काय येणार हे माहीत असलेल्या माणसालाच हे जमते. मालक गायक नाहीत, पण चाळीस वर्षे विंगेत उभे राहून त्यांनी इतके ऐकले आहे की भूपातला गंधार कधी येणार हे त्यांचा अंगठा ओळखतो.

तबल्याच्या बाबतीत मात्र माझे आणि त्यांचे जमले नाही. गळा, ताल, खालचे स्वर आणि उरलेले असे चार भाग वेगळे करून देणारी सॉफ्टवेअर आता सहज मिळतात आणि मुलाने तबला किंचित जवळ आणण्यासाठी त्यातले एक वापरून पाहिले. या सॉफ्टवेअरची शिकवणी मुख्यतः पाश्चात्त्य गाण्यांवर झालेली असते, जिथे ताल म्हणजे ड्रमसेट आणि खालचे स्वर म्हणजे बास गिटार. तबला या दोन्हींत बसत नाही. सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासह १९२० मध्येच दाखवून दिले होते की शाईमुळे, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलामुळे, तबल्यासारख्या वाद्यातून निघणारे उपस्वर तंतुवाद्यासारखे एकमेकांच्या पटीत जुळतात; म्हणूनच तबला स्वरात लावता येतो. परिणामी 'ता'चा आघात तालाच्या भागात गेला, त्याची आस उरलेल्या भागात पेटीजवळ जाऊन बसली आणि डग्ग्याची घसीट बास गिटार समजून तिसऱ्याच ठिकाणी गेली. हे तुकडे परत जोडल्यावर बोल टोकदार पण पोकळ वाटत होते. पहिल्या आवृत्तीत हा जोडलेला तबला होता. मी तो नको म्हणालो. मुलाचे म्हणणे होते की मोबाइलवर ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही. मला कळत होता, आणि पैसे मी देत होतो. वडिलांनी माझी बाजू घेतली, मुलगा थोडा रुसला, आणि दुसऱ्या आवृत्तीत मूळ तबला परत आला. मुलगा हुशार आहे, पण नवे साधन हाती आले की ते वापरलेच पाहिजे ही त्याच्या वयाची खोड त्याला आहे.

पहिल्या आवृत्तीतली दुसरी खटकलेली गोष्ट म्हणजे न विचारता घातलेला कृत्रिम घुमार. दगडी जोत्याचा, लाकडी तुळयांचा, सतरंजीवर साठ माणसे बसलेला सोपा कसा वाजतो हे त्या मुद्रणात आधीच होते. माणसांचे कपडे आणि सतरंज्या आवाज शोषून घेतात, त्यामुळे तो घुमार आखूड आणि कोरडा असतो, आणि बैठकीची जवळीक त्यातच असते. त्यावर मोठ्या सभागृहाचा घुमार चढवल्यावर बाई मंगळवार पेठेतून उठून कुठल्या तरी प्रार्थनागृहात गेल्यासारख्या वाटल्या. तक्रार करताच तो काढला गेला, त्याचे वेगळे पैसे लागले नाहीत. परंतु असे काही घालण्याआधी विचारायला हवे होते, आणि येथे जाणाऱ्याने ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

मुदतीबाबतही समाधान नाही. पाच दिवस सांगितले होते, नऊ लागले. मध्ये कोणाच्या तरी लग्नाचे काम घुसले. फोन उचलला जात नाही, संदेशाला उत्तर रात्री उशिरा येते. ऐकण्याची खोली लहान आहे, दोन खुर्च्या आहेत आणि तिसरा माणूस आला तर तो दारात उभा राहतो. खोलीला भिंतींवर गाद्यांसारखे शोषक लावलेले आहेत, ते वडिलांनी स्वतः शिवले आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. माझ्या घरी बसक्या वाटणाऱ्या खालच्या स्वरांत खर्ज आणि डग्गा वेगवेगळे ऐकू येण्याचा अनुभव मला तिथेच पहिल्यांदा आला.

रस्त्यावरून गेलेल्या रिक्षाचा भोंगा त्यांनी इतक्या सफाईने काढला की तो कुठे होता हे मला आता सापडत नाही. खोकला दोन ठिकाणचा काढला, तिसऱ्या ठिकाणचा तानेवरच होता म्हणून राहू दिला. समेवर एका ज्येष्ठ श्रोत्याने दिलेली 'वा!' रेकॉर्डरच्या अगदी जवळून आल्यामुळे फार मोठी होती. ती मालकांनी काढली नाही, सहा डेसिबलने खाली आणली. टाळ्यांचेही तसेच.

दुसरी आवृत्ती घेऊन मी बाईंकडे गेलो. त्यांच्याकडे मोठे स्पीकर नाहीत. त्यांनी ती नातवाच्या मोबाइलवरच ऐकली, आणि यातही एक मुद्दा दडलेला आहे. एकाच स्पीकरवर डावे-उजवे एकत्र होतात, म्हणजे वर सांगितलेली वजाबाकीची बाजू पूर्ण पुसली जाते. चित्र भव्य वाटावे म्हणून बाजूचा भाग फार फुगवला असेल तर हेडफोनवर ते सुंदर वाटते आणि मोबाइलवर तंबोरा व पेटी दोन्ही ओसरतात. मालकांनी हे तपासून दिले होते. मोबाइलवर बाई, तबला आणि तंबोरा जागच्या जागी होते. बाईंनी बडा ख्याल पूर्ण ऐकला. मग म्हणाल्या, "गळा माझाच आहे. तबला मात्र जरा लाजल्यासारखा झालाय." हे खरे होते. पेटीसाठी बाजूच्या भागात केलेल्या दाबाने तबल्याच्या चाटेचीही धार थोडी गेली होती, कारण तबलाही बाजूलाच होता. माझ्या कानाला ते कळले नव्हते, मुलाला कळले नव्हते. मालकांना मी सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "बाईंना आधी विचारायला पाहिजे होतं." तिसऱ्या आवृत्तीत दाब फक्त उजव्या अर्ध्यापुरता ठेवला गेला आणि डावीकडे पाच किलोहर्ट्झच्या आसपास एक डेसिबल चढवला. आता चाट मोकळी वाटते. दूरची आहे, पण लाजलेली नाही.

पूर्ण झालेल्या मुद्रणात काय उरले हेही सांगितले पाहिजे. द्रुत बंदिशीत तार षड्जावर पेटी आणि गळा एकाच स्वरावर येतात तिथे त्या अजूनही एकमेकींत मिसळतात, आणि पेटी थोडी जास्तच आहे. तबल्याभोवती खोलीचा आवाज गळ्यापेक्षा अधिक आहे, कारण तो दूर होता. दूरच्या वाद्याला जवळ आणता येते ते फक्त जोराने, त्याच्याभोवतीचा घुमार काढून नव्हे. मंद तंबोऱ्याखाली कान लावून शोधली तर घरघर सापडते. मालकांनी पहिल्याच दिवशी या तिन्ही गोष्टी राहतील असे सांगितले होते, आणि त्यांनी सांगितले त्यापेक्षा त्या कमीच राहिल्या आहेत.

आकारणी मुद्रणाच्या लांबीवर नाही, कामाच्या तासांवर आहे: तासाला सहाशे रुपये. माझ्या कामाचे आठ तास धरले गेले, म्हणजे चार हजार आठशे. दुरुस्तीच्या दोन्ही फेऱ्या त्यात आल्या. परदेशी सेवेचे दर याच्या कितीतरी खाली आहेत, परंतु तिथे तंबोरा गेल्यावर दाद कोणाकडे मागायची हा प्रश्न उरतो. मूळ दर्जाची फाइल, सीडीच्या दर्जाची १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झची प्रत आणि पाठवण्यासाठी लहान प्रत, अशा तीन फाइली मिळाल्या. एकूण जोर त्यांनी उणे १८ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या सरासरी जोराचे माप) ठेवला आहे, जाहिराती आणि चित्रपटगीतांच्या मानाने हळू; आवाज वाढवून ऐकावा लागतो, पण आलापापासून द्रुतापर्यंतचा चढ तसाच राहतो. अधिक जोरात हवे असेल तर करून देतात, मी घेतले नाही.

जाणाऱ्याने रेकॉर्डरच्या कार्डावरची मूळ फाइल न्यावी, गायकाची पट्टी माहीत करून घ्यावी आणि कोण कुठे बसले होते याचा कागदावर साधा नकाशा काढून न्यावा. मी तो दुसऱ्या दिवशी काढला आणि त्यामुळे त्यांचे बरेच काम वाचले, असे त्यांनीच सांगितले. गाडी जनता बझारकडे लावून चालत जावे. गणपतीच्या आधीचे दोन आठवडे आणि लग्नसराईचे दिवस टाळावेत, आणि पाच दिवस म्हणाले तर दहा धरावेत. कॅसेटचे काम असेल तर आधी फोन करावा, कारण त्यांच्या दोन कॅसेट डेकपैकी एक सध्या दुरुस्तीला गेला आहे.